मुक्तस्रोत परवाना कसा वाचावा: शब्द काय सांगतात आणि लिहिणाऱ्याला काय सांगायचे होते

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलचे अनेक कारखाने आहेत. तिथे बऱ्याच कामगारांची मजुरी नगावर ठरते आणि आठवड्याला हातात पडते. काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या दोन वर्गमित्रांनी या मजुरीचा हिशेब करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला आणि सोबत एमआयटी परवान्याची, म्हणजे तो कोड इतरांनी कोणत्या अटींवर वापरावा ते सांगणाऱ्या एका प्रचलित छोट्या मजकुराची, फाइल ठेवली. रीडमी, म्हणजे प्रोग्रॅमची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये आमच्यातल्या एकाने एक ओळ लिहिली होती : ‘हे सॉफ्टवेअर लहान कारखान्यांसाठी मोफत आहे.’ दोन वर्षांनी एका विक्रेत्याने तोच प्रोग्रॅम नाव बदलून, आमची नावे काढून, मोठ्या कारखान्यांना विकायला सुरुवात केली. मित्राचे म्हणणे होते की आमचा हेतू त्या ओळीत स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे ही विक्री चुकीची आहे. विक्रेत्याचे म्हणणे होते की परवान्यात विक्रीची मुभा आहे. पुढचे तीन आठवडे आम्ही तिघांनी परवाना शब्दाशब्दाने वाचण्यात घालवले आणि तेव्हा लक्षात आले की तो प्रोग्रॅम खुला करताना आमच्यापैकी एकानेही परवाना एकदाही पूर्ण वाचलेला नव्हता.

जे विद्यार्थी वा नवे प्रोग्रॅमर पहिल्यांदा दुसऱ्याचा कोड आपल्या कामात घेत आहेत किंवा आपला कोड पहिल्यांदा खुला करत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. परवान्याच्या अर्थावरून मतभेद झाला तर कोणत्या क्रमाने विचार करावा, ते येथे पायरीपायरीने मांडले आहे. आधी शब्द वाचावेत, मग हेतू शोधावा, आणि दोन्ही जुळत नसतील तर शब्द दुरुस्त करून घ्यावेत, असा हा क्रम आहे. हा लेख म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे. नोटीस आली किंवा पैशांचा मोठा व्यवहार असला, तर कॉपीराइटचे काम करणाऱ्या वकिलाकडेच जावे.

पहिली पायरी : परवाना नेमका कुठे लिहिला आहे, ते गोळा करा

एकाच प्रकल्पात परवान्याचा उल्लेख निदान चार ठिकाणी सापडू शकतो : ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपींग’ नावाच्या फाइलमध्ये, प्रत्येक कोड फाइलच्या सुरुवातीच्या टिपेत, रीडमीमध्ये आणि पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये. या चारही ठिकाणचा मजकूर एका पानावर उतरवून घ्या. अर्धे वाद इथेच दिसू लागतात, कारण चार जागी चार वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात.

याचे सर्वांत परिचित उदाहरण जीपीएलचे, म्हणजे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने काढलेल्या परवान्याचे, आहे. जीपीएलची दुसरी आवृत्ती जून १९९१ मधली आणि तिसरी २९ जून २००७ ची. केवळ परवान्याची फाइल ठेवल्याने लेखकाला ‘फक्त दुसरी आवृत्ती’ म्हणायचे आहे की ‘दुसरी किंवा नंतरची कोणतीही’, हे कळत नाही. ते कोड फाइलमधल्या टिपेवरून ठरते. दुसऱ्या आवृत्तीच्या नवव्या कलमानुसार, प्रोग्रॅममध्ये आवृत्तीचा क्रमांकच दिलेला नसेल तर वापरणारा आजवर प्रसिद्ध झालेली कोणतीही आवृत्ती निवडू शकतो. म्हणजे टीप लिहायची राहिली तर लेखकाच्या मनात नसलेली मुभाही दिली जाते. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या मुक्त प्रणालीच्या बाबतीत तिचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००० साली परवान्याच्या फाइलमध्येच खुलासा जोडला की, वेगळे लिहिलेले नसेल तिथे कर्नेलसाठी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासाठी, दुसरीच आवृत्ती लागू आहे. आता एसपीडीएक्स या परवान्यांची नावे लिहिण्याच्या प्रमाणित पद्धतीतल्या ठरावीक खुणा वापरून प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत ‘ओन्ली’ की ‘ऑर लेटर’ हे लिहिण्याची पद्धत रुळली आहे. तुमचा स्वतःचा कोड असेल तर ही एक ओळ आजच लिहून टाका.

दुसरी पायरी : क्रियापदे एकेक करून वाचा

परवान्यात नामांपेक्षा क्रियापदांवर जास्त भांडणे झाली आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाने ‘पाइन’ नावाचा ईमेलचा प्रोग्रॅम काढला होता. त्याच्या जुन्या परवान्यात ‘वापरण्याची, प्रत काढण्याची, बदल करण्याची आणि वितरण करण्याची परवानगी’ दिलेली होती. सामान्य वाचकाने याचा अर्थ असाच लावला की बदल करून ती बदललेली प्रत वाटता येते. विद्यापीठाने पुढे परवाना कडक केला आणि त्याचबरोबर असाही दावा केला की जुन्या शब्दांतही बदललेल्या प्रतीच्या वितरणाची परवानगी कधीच नव्हती. बदल करता येतो आणि वितरणही करता येते, पण बदललेल्याचे वितरण करता येत नाही. वाक्य तेच होते, फक्त ‘आणि’ हा शब्द दोन्ही बाजूंनी वेगळा वाचला. हा पेच सुटायला ‘अल्पाइन’ हा नवा प्रोग्रॅम यावा लागला. तो अपाची २.० या परवान्याखाली आला. विद्यापीठाचे वाचन मला पटत नाही, परंतु त्यातून मिळणारा धडा उपयोगाचा आहे : आपण परवाना लिहीत किंवा निवडत असू, तर ‘बदललेल्या प्रतीचे वितरण’ हे शब्द त्यात वेगळे आहेत का, ते पाहावे. जीपीएलमध्ये त्यासाठी स्वतंत्र कलम आहे.

मराठी संकेतस्थळे करणाऱ्यांना याचाच एक नमुना फॉन्टमध्ये भेटतो. देवनागरीचे बरेच मुक्त फॉन्ट ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) या परवान्याखाली आहेत. त्यात ‘राखीव नाव’ जाहीर करण्याची सोय आहे. नाव राखीव असेल तर बदललेल्या आवृत्तीला ते नाव देता येत नाही. आता पान लवकर उघडावे म्हणून तुम्ही फॉन्टमधली रोमन अक्षरे काढून टाकलीत, तर तो ‘बदल’ झाला का? बहुतेकांना वाटते की हा केवळ आकार कमी करण्याचा प्रकार आहे. पण परवान्याच्या व्याख्येत काही भाग वगळणे आणि फाइलचा प्रकार बदलणे हे दोन्ही बदल म्हणून स्पष्ट नोंदवले आहे. त्यामुळे व्याख्यांचा भाग कंटाळवाणा वाटला तरी तो आधी वाचावा.

तिसरी पायरी : ‘अट’ कोणती आणि ‘अपेक्षा’ कोणती, ते वेगळे करा

परवान्यातली एखादी गोष्ट पाळली नाही तर परवानगीच संपते, की परवानगी राहते आणि फक्त करारभंग होतो? हा प्रश्न अमेरिकेत ‘जेकबसन विरुद्ध कात्झर’ या खटल्यात थेट उभा राहिला. जेकबसन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आणि इतरांनी मॉडेल रेल्वे चालवण्याचे सॉफ्टवेअर ‘आर्टिस्टिक लायसन्स’खाली खुले केले होते. समोरच्या बाजूने त्यातल्या फाइली लेखकांची नावे आणि बदलांच्या नोंदी न ठेवता आपल्या उत्पादनात घातल्या. खालच्या न्यायालयाने २००७ मध्ये हा फार तर करारभंग ठरेल असे मानले. फेडरल सर्किट अपील न्यायालयाने १३ ऑगस्ट २००८ रोजी ते मत बाजूला ठेवले. त्यासाठी न्यायालयाने दोन गोष्टींचा आधार घेतला. परवान्याच्या सुरुवातीलाच लिहिले होते की, कोणत्या अटींवर प्रत काढता येईल ते सांगणे हा या दस्तऐवजाचा हेतू आहे; आणि पुढे परवानगी देताना ‘प्रोव्हायडेड दॅट’, म्हणजे ‘या अटीवर की’, असे शब्द होते.

हा निकाल मला मोलाचा वाटतो, कारण ज्या परवान्याला कित्येक जाणकार संदिग्ध म्हणत होते, त्यातही हेतू शब्दांत उतरलेला होता आणि म्हणूनच तो न्यायालयात टिकला. तुम्ही परवाना वाचताना ‘जर’, ‘या अटीवर’, ‘आवश्यक आहे’ या शब्दांखाली रेघ ओढा. ‘आम्हांला आनंद होईल’, ‘कृपया कळवावे’ अशा वाक्यांखाली वेगळ्या रंगाची रेघ ओढा. दुसऱ्या रंगातली वाक्ये सभ्यता म्हणून पाळावीत, पण ती न पाळणाऱ्याला परवान्याच्या नावाखाली दटावता येत नाही.

चौथी पायरी : ‘मूळ कोड’ म्हणजे काय, हे ठरवा

जीपीएलचा गाभा असा की प्रोग्रॅम दुसऱ्याला देताना त्याचा मूळ कोडही मिळाला पाहिजे. मूळ कोडाची व्याख्या तिथे ‘बदल करण्यासाठी ज्या रूपाला पसंती दिली जाते ते रूप’ अशी केली आहे. सोलापूरकराला ही व्याख्या समजावायला चादर पुरते. जॅकार्डवर विणलेल्या चादरीची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर काढली जाते. कोणत्या चौकटीला कोणता उभा धागा उचलायचा, ते तिथे दिसते. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडली जातात आणि माग ती छिद्रे वाचतो. मी तुम्हांला फक्त पट्ट्या दिल्या तर तीच चादर तुम्ही हजार वेळा विणाल. पण मोराचा एक पंख थोडा वळवायचा असेल तर कारागीर आधी तो चौकटींचा कागद मागेल. तो कागद हा मूळ कोड. पट्ट्यांवरून कागद पुन्हा तयार करता येतो, हे खरे. पण कोणताही नक्षीकार त्या रूपाला पसंती देणार नाही. म्हणूनच मोकळ्या जागा काढून, नावे आखूड करून दाबून बसवलेली जावास्क्रिप्टची फाइल देणे म्हणजे मूळ कोड देणे नव्हे.

हीच शब्दरचना आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वादात आली आहे. मुक्तस्रोत परवान्यांना मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत एआयची व्याख्या जाहीर केली आणि ‘बदल करण्यासाठी पसंतीचे रूप’ हेच शब्द घेतले. मात्र ज्या माहितीवर मॉडेल शिकवले ती सगळी माहिती न मागता तिचे पुरेसे तपशीलवार वर्णन मागितले. ज्यांना ही व्याख्या मान्य नाही, त्यांचे म्हणणे असे की चौकटींचा कागद न देता त्याचे वर्णन देऊन भागणार नाही. माझाही कल त्याच बाजूला आहे, पण हा वाद अजून मिटलेला नाही.

याच कलमावरून झालेला सर्वांत मोठा मतभेद टिवो या कंपनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरचा. त्या यंत्रात लिनक्स होते आणि कंपनीने त्याचा कोड दिलाही होता. पण यंत्र सुरू होताना सॉफ्टवेअरची डिजिटल सही तपासत असे, त्यामुळे तुम्ही बदललेले लिनक्स त्यावर चालतच नसे. चादरीच्या भाषेत, कागद दिला, पट्ट्याही पाडता आल्या, पण कंपनीचा शिक्का नसलेली पट्टी माग घेईना. जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन यांचे म्हणणे होते की परवान्याचा हेतूच हरवला, कारण बदललेला प्रोग्रॅम स्वतःच्या यंत्रावर चालवता येणे हे त्या स्वातंत्र्याचे सार आहे. टोर्वाल्ड्स यांचे म्हणणे होते की ज्याने कोड परत दिला त्याने आपली बाजू पाळली आणि यंत्र कसे बनवावे हा परवान्याचा विषय नाही. दुसऱ्या आवृत्तीत ‘संकलन आणि स्थापना नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्ट्स’ देण्याचे बंधन आहे. काहींच्या मते ‘स्थापना’ या शब्दात बदललेली प्रत बसवता येणे आलेच. इतरांच्या मते स्क्रिप्ट म्हणजे स्क्रिप्ट, सहीची किल्ली नव्हे.

फाउंडेशनने यावर तिसऱ्या आवृत्तीत नवे शब्द घातले : ग्राहकोपयोगी वस्तूसोबत ‘स्थापनेची माहिती’ द्यावी लागेल. हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो. जुन्या शब्दांतून नवा अर्थ ताणून काढण्यापेक्षा नवे शब्द लिहावेत आणि ज्याला ते पटतील त्याने ते स्वीकारावेत. टोर्वाल्ड्स यांना ते पटले नाहीत आणि लिनक्स दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले. वाचताना हेही पाहा की तिसऱ्या आवृत्तीतले हे बंधन वैयक्तिक, कौटुंबिक वा घरगुती वापराच्या वस्तूंपुरते आणि घरात बसवण्यासाठी तयार केलेल्या वस्तूंपुरते आहे. घरातल्या राउटरला ते लागू होईल. कारखान्यातल्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डच्या नियंत्रकाला, तो निव्वळ औद्योगिक यंत्र असल्यामुळे, होणार नाही.

पाचवी पायरी : तुमचा प्रोग्रॅम ‘त्यावर आधारित’ आहे का, ते तपासा

जीपीएलचा कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये मिसळला तर संपूर्ण प्रोग्रॅम त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. पण दोन स्वतंत्र प्रोग्रॅम एकाच डिस्कवर शेजारी ठेवले तर लागत नाही. या दोन टोकांच्या मधला प्रदेश धूसर आहे. लायब्ररी जोडली, प्लगइन लिहिले, तर काय? फाउंडेशनचे उत्तर एक आहे, अनेक वकिलांचे दुसरे. जर्मनीत लिनक्सचे एक लेखक क्रिस्टोफ हेलविग यांनी व्हीएमवेअरवर केलेल्या खटल्यातून उत्तर मिळेल अशी आशा होती, पण हॅम्बुर्गच्या न्यायालयांनी २०१६ आणि २०१९ मध्ये लेखकत्वाच्या पुराव्याच्या मुद्द्यावरच दावा फेटाळला आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. लिनक्सने मात्र आपल्या परवान्याच्या फाइलमध्ये लिहूनच ठेवले आहे की सिस्टिम कॉलद्वारे कर्नेलची सेवा घेणारे प्रोग्रॅम हे त्यावर आधारित काम मानले जात नाही. नवख्याने शक्य तिथे जीपीएलचा प्रोग्रॅम वेगळा चालवावा, आदेश देऊन त्याचे उत्तर घ्यावे. आपल्या कोडात जोडायचाच असेल तर आपला कोडही त्याच परवान्याखाली देण्याची तयारी ठेवावी.

सहावी पायरी : ज्या शब्दांना मोजमाप नाही, ते शब्द ओळखा

डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या माहितीच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपासाठी लिहिलेल्या कोडसाठी एमआयटी परवाना घेतला आणि त्यात एक वाक्य वाढवले : ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे.’ वाक्याच्या हेतूशी कोण असहमत होईल? तरीही फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हा परवाना मुक्त मानला नाही, आणि २०१६ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशननेही असा कोड आपल्या प्रकल्पांत घेण्यास मनाई केली. कारण ‘वाईट’ म्हणजे काय, ते कोण ठरवणार? तंबाखूच्या कारखान्याचा हिशेब वाईट का? कर्जवसुलीचे सॉफ्टवेअर वाईट का? उत्तर माहीत नसताना कोणीही जबाबदार माणूस त्या कोडवर आपला व्यवसाय उभा करणार नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या दहा निकषांतला सहावा निकष म्हणतो की परवान्याने कोणत्याही कार्यक्षेत्राला मज्जाव करू नये, तो यामुळेच.

‘अव्यावसायिक वापरासाठी’ हे शब्द तर आपल्याकडे फारच सर्रास लिहिले जातात. खासगी शिकवणीच्या वर्गात फळ्यावर दाखवलेला प्रोग्रॅम हा व्यावसायिक वापर आहे का? सहकारी संस्थेच्या कार्यालयातला? देवस्थानाच्या अन्नछत्रातला? असे शब्द घातले की तो परवाना मुक्तस्रोत राहत नाही, हे एक; आणि लिहिणाऱ्याला जे नको होते तेही त्यातून थांबत नाही, हे दुसरे. त्यातही ‘जीपीएलची तिसरी आवृत्ती, पण व्यापारी वापर नाही’ असे कधीही लिहू नका. त्या परवान्याचे सातवे कलम म्हणते की प्रोग्रॅमसोबत असे जादा बंधन आले असेल तर घेणारा ते काढून टाकू शकतो. एजीपीएल, म्हणजे नेटवर्कवरून दिल्या जाणाऱ्या सेवांनाही लागू होणारे जीपीएलचे रूप, त्यातल्या याच कलमावर निओ४जे या डेटाबेसच्या खटल्यात वाद झाला आणि कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने मालकाने घातलेले बंधन घेणाऱ्याने काढणे अमान्य केले. परवान्याच्या मसुद्याशी जवळून संबंध असलेल्यांना ते वाचन मुळीच मान्य नाही. ज्या ठिकाणी जाणत्यांचीही दोन मते आहेत, तिथे आपण पाऊल ठेवू नये.

आमची स्वतःची ओळ याच वर्गातली होती. ‘लहान कारखाना’ म्हणजे किती मागांचा? आठ की अठ्ठेचाळीस? ‘मोफत’ म्हणजे आम्ही पैसे घेणार नाही, की दुसऱ्यानेही घेऊ नयेत? आम्ही तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर उत्तरे लिहिली, तेव्हा तीन उत्तरे निघाली. ज्या हेतूवर तीन लेखकांचेच एकमत नव्हते, तो विक्रेत्याने ओळखायला हवा होता, असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार उरला नाही.

सातवी पायरी : परवाना बदलला असेल, तर तारीख पाहा

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपन्यांपैकी मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये, इलास्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपले परवाने बदलले. मोठ्या क्लाउड कंपन्या आमचा कोड विकून कमावतात आणि परत काही देत नाहीत, अशी या बदलांमागची मुख्य तक्रार होती. वापरणाऱ्यांची तक्रार अशी की इतरांनी विश्वासाने दिलेले श्रम कंपनीने एकतर्फी बंद केले. इलास्टिक आणि रेडिस यांनी पुढे एजीपीएलचा पर्यायही दिला. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की बदलाच्या आधी जी आवृत्ती जुन्या परवान्याखाली प्रसिद्ध झाली, ती त्याच परवान्याखाली वापरता येते. जुन्या आवृत्त्या पुढे नेणारे ओपनसर्च, ओपनटोफू आणि वाल्की हे प्रकल्प याच आधारावर उभे राहिले. नव्या परवान्यांचे शब्दही जपून वाचा. हॅशिकॉर्पच्या परवान्यात कंपनीशी ‘स्पर्धा करणाऱ्या’ सेवेला मनाई आहे. आज तुमची सेवा स्पर्धक नसेल, पण उद्या कंपनीनेच तुमच्या क्षेत्रात उत्पादन आणले तर काय, हा प्रश्न विचारणे रास्त आहे.

आठवी पायरी : आपल्या देशाचा कायदा विसरू नका

परवाने बहुतेक अमेरिकेत लिहिले गेले असले तरी सोलापुरात बसून वाचताना १९५७ चा कॉपीराइट कायदाही सोबत वाचावा लागतो. त्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. सतराव्या कलमानुसार नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची असते. म्हणजे कंपनीत पगारावर लिहिलेला कोड रात्री घरी येऊन खुला करण्याचा अधिकार तुम्हांला नसू शकतो. तोच कोड तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक म्हणून एखाद्या चादरवाल्याला लिहून दिला असेल आणि करारात काही लिहिलेले नसेल, तर मालकी साधारणपणे तुमच्याकडेच राहते. हे दोन्ही पक्षांनी काम सुरू होण्याआधी कागदावर आणावे.

एकोणिसाव्या कलमात असे आहे की हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत असे मानावे. आणि तिसाव्या कलमाला जोडलेल्या ‘३० ए’नुसार या तरतुदी आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात. अपाची २.० मध्ये ‘कायमस्वरूपी, जगभर, रद्द न होणारी’ असे शब्द आहेत. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असे आहे. एमआयटीच्या छोट्या मजकुरात मुदत किंवा प्रदेश यांपैकी काहीच नाही. एमआयटी लिहिणाऱ्याचा हेतू पाच वर्षांचा होता असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणणार नाही, पण भारतात नवा प्रकल्प सुरू करताना मला शब्दांनी भरलेला परवाना जास्त सुरक्षित वाटतो. आम्ही पुढचे प्रकल्प अपाची २.० खाली ठेवले, त्याचे हे एक कारण.

नववी पायरी : लेखकाला विचारा, आणि उत्तर लिहून ठेवा

इतके वाचूनही अर्थ लागत नसेल तर लेखकाला विचारावे. ‘तुमच्या परवान्याचा अर्थ काय?’ असे मोघम विचारू नये. मी अमुक आवृत्ती घेतली आहे, ती अशा रीतीने माझ्या प्रोग्रॅमला जोडणार आहे आणि अमुक ग्राहकांना देणार आहे. तुमच्या मते अमुक कलमानुसार हे चालेल का, असे विचारावे. उत्तर सर्वांना दिसेल अशा जागी मागावे, म्हणजे पुढच्या माणसाला तोच प्रश्न पडणार नाही. एक खबरदारी घ्यावी : ज्या प्रकल्पात अनेकांनी कोड दिला आहे, तिथे एका देखभालकर्त्याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या कोडपुरतेच बांधील असते.

हेतू लेखी जाहीर करण्याचे चांगले उदाहरण लिनक्सच्या लेखकांनीच घालून दिले आहे. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत अट मोडली की अधिकार आपोआप संपतात आणि चूक सुधारण्यासाठी मुदत दिलेली नाही. तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदा चुकलेल्याने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली तर अधिकार परत मिळतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये कर्नेलच्या अनेक लेखकांनी लेखी निवेदन काढून ही सवलत आपल्या दुसऱ्या आवृत्तीच्या कोडलाही लागू केली.

आम्हीही विक्रेत्याला पत्र लिहिले. पहिला मसुदा संतापाचा होता, तो फाडून टाकला. पाठवलेले पत्र असे होते :

‘महोदय, स. न. वि. वि. आपण विकत असलेल्या प्रोग्रॅममध्ये मजुरी मोजण्याचा भाग आम्ही लिहिलेला आहे. तो विकण्यास आमची हरकत नाही, कारण एमआयटी परवान्यात विक्रीची मुभा स्पष्ट आहे. मात्र कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत किंवा तिच्या महत्त्वाच्या भागात असला पाहिजे, अशी त्याच परवान्याची अट आहे. आपल्या प्रतीत हे दोन्ही आढळले नाहीत. पुढील आवृत्तीत ते घालावे आणि पंधरा दिवसांत आम्हांला कळवावे, ही विनंती.’

बाराव्या दिवशी उत्तर आले. नव्या आवृत्तीच्या ‘माहिती’ या खिडकीत आमची तिघांची नावे आणि परवान्याचा मजकूर आला. विक्री चालू राहिली. मित्राला ती आजही खुपते आणि मला त्याची भावना समजते. रीडमीमधली ती ओळ त्यानेच काढली आणि तिच्या जागी दोन वेगळ्या ओळी लिहिल्या. पहिलीत परवान्याचे नाव आणि फाइलचा पत्ता आहे. दुसरीवर ‘विनंती, अट नव्हे’ असे शीर्षक देऊन त्याने लिहिले आहे : ‘वीस मागांपेक्षा लहान कारखान्याकडून याचे पैसे घेऊ नयेत.’